रोजा, साखर आणि दुपारचे साडेचार

एप्रिल २०२२चा शेवटचा आठवडा. मराठवाड्यातलं आमचं तालुक्याचं गाव, पारा चाळिशीच्या पुढे, ईद आठ दिवसांवर. दुपारी साडेचारच्या सुमारास दोन मुलगे आपल्या आईला रिक्षातून दवाखान्यात घेऊन आले. पंचावन्नच्या आसपासच्या या बाईंचं शिवणकाम गल्लीत नावाजलेलं. सगळे त्यांना खाला म्हणतात, मीही म्हणतो. ईदच्या आधीचे दिवस म्हणजे शिवणाऱ्यांची सुगी. त्या दुपारी खालांना सुईत दोरा ओवता येईना. एकीच्या दोन सुया दिसायला लागल्या. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून त्यांनी काचा पुसल्या आणि पुन्हा दोरा ओला केला. मग दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. सून काही विचारत होती आणि खाला भलतंच उत्तर देत होत्या.

रक्ताच्या थेंबासाठी मला दोनदा टोचावं लागलं. वर्षानुवर्षांच्या शिवणकामानं त्यांच्या बोटांची टोकं निबर झाली होती. ग्लुकोमीटरवर आकडा उमटला, ४८.

ग्लुकोजचं पाणी पुढे केलं तर त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. "दोनच तास राहिलेत, डॉक्टर," एवढंच म्हणाल्या. थोरल्या मुलानं आईचं डोकं मांडीवर घेतलं आणि तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटत चमच्याचमच्यानं पाणी पाजलं. पंधरा मिनिटांनी साखर ८६ झाली. नजर स्थिर झाली आणि खाला रडायला लागल्या. जिवावरचं टळलं होतं, पण डोळ्यांत पाणी आलं ते रोजा मोडल्याचं.

आपल्या भाषेत उपास सोडणं वेगळं आणि उपास मोडणं वेगळं. सोडण्यात समाधान असतं, मोडण्यात अपराध. एकादशी करणाऱ्या माझ्या आजीला हा फरक जितका कळत होता, तितकाच खालांनाही कळतो. मधुमेह आणि रमजान यांच्याबद्दल डॉक्टर म्हणून बोलताना या एका शब्दाचं ओझं आम्ही लक्षातच घेत नाही. आम्ही मिलिग्रॅममध्ये बोलतो आणि समोरचं माणूस ईमानाचा विचार करत असतं.

त्या दिवशी चूक माझी होती. खाला मार्चमध्ये माझ्याकडे येऊन गेल्या होत्या. ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन या जोडगोळीची चिठ्ठी मीच लिहून दिली होती, सकाळी नाश्त्याआधी एक, रात्री जेवणाआधी एक. रमजान दोन आठवड्यांवर आला होता आणि मी विचारलंही नाही, "खाला, रोजे धरणार आहात का?" त्यांनीही आपणहून सांगितलं नाही. डॉक्टर नको म्हणतील ही भीती होती. मग त्यांनी माझी चिठ्ठी तंतोतंत पाळली. रात्री उशिरापर्यंत मशीन चालवून पहाटे चारला उठायचं, अर्धी चपाती चहात बुडवून खायची आणि 'सकाळची' गोळी घ्यायची. पहाटे पावणेपाचपासून संध्याकाळी पावणेसातपर्यंत, म्हणजे चौदा तास, पोटात काही नाही, पाण्याचा घोटही नाही. गोळी मात्र आपलं काम चोख करत राहिली.

गोळीचं हे काम काय असतं ते समजून घेतलं, की पुढचं बरंच सोपं होतं. निरोगी माणसाच्या अंगातलं रक्त पाचेक लिटर धरलं, तर त्यात कोणत्याही क्षणी साखर असते साधारण पाच ग्रॅम, चहाचा एक चमचा. मेंदू मात्र दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम साखर वापरतो. म्हणजे रक्तातला तो एक चमचा सतत रिकामा होत असतो आणि सतत भरला जात असतो. जेवणानंतरचे चार-पाच तास अन्न तो भरतं. त्यानंतर यकृत आपल्या कोठारातून साखर काढून देतं. हे कोठार शंभरेक ग्रॅमचं, म्हणजे फार मोठं नव्हे. ते उतरणीला लागलं की यकृत प्रथिनांतून आणि चरबीच्या घटकांतून नवी साखर घडवतं, आणि बाकीचं शरीर हळूहळू चरबी जाळण्याकडे वळतं. हा सगळा व्यवहार इन्सुलिनच्या इशाऱ्यावर चालतो. उपाशीपोटी इन्सुलिन कमी होतं आणि यकृताला कोठार उघडण्याची मुभा मिळते. म्हणून धडधाकट माणूस चौदा तास उपाशी राहिला तरी त्याची साखर जागच्या जागी राहते.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड ही एकाच कुळातली औषधं. ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात आणि पोटात अन्न आहे की नाही याची वाट बघत नाहीत. इन्सुलिन चढं राहिलं की यकृताचं कोठार बंद राहतं. मग रक्तातला चमचा रिकामा होत जातो, भरणारं कोणी नसतं. दुपारनंतर साखर घसरते ती यामुळे. इन्सुलिनचं इंजेक्शन घेणाऱ्यांचंही असंच होतं. उलट नुसत्या मेटफॉर्मिनवर असलेल्या माणसाची साखर रोज्यात धोक्याइतकी खाली जाणं फार दुर्मीळ आहे. 'ग्लिप्टिन' गटातल्या गोळ्या मुख्यतः जेवणानंतर साखर वाढते तेव्हा काम करतात, त्यामुळे त्याही तशा सुरक्षित. म्हणजे 'मधुमेह असताना रोजा धरावा का' या प्रश्नाचं सगळ्यांना लागू पडेल असं एकच उत्तर नाही. कोणती गोळी, किती, दिवसभर काम काय, मूत्रपिंडं कशी आहेत, यावर ते ठरतं.

या विषयावरची एक जुनी, मोठी पाहणी डॉक्टरांत प्रसिद्ध आहे. २००१ साली १३ देशांतल्या १२,२४३ मधुमेही मुसलमानांची माहिती गोळा करण्यात आली. 'एपिडायर' नावाची ही पाहणी २००४ साली छापून आली. टाइप-२ मधुमेह असलेल्यांपैकी ७९ टक्के आणि टाइप-१ असलेल्यांपैकी ४३ टक्के लोकांनी महिन्यातले किमान पंधरा रोजे धरले होते. साखर घसरून रुग्णालयात दाखल व्हावं लागण्याचं प्रमाण टाइप-२मध्ये इतर महिन्यांच्या साडेसातपट झालं होतं, टाइप-१मध्ये जवळजवळ पाचपट. पण त्याच पाहणीत टाइप-२च्या रुग्णांत साखर भयंकर वाढून दाखल होण्याचं प्रमाणही पाचपट निघालं. उपासाच्या महिन्यात साखर वाढते, हे ऐकून बऱ्याच जणांना नवल वाटतं. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, राजगिऱ्याचे लाडू अशी 'एकादशी अन् दुप्पट खाशी' करणाऱ्या आपल्या घरांना मात्र ते वाटायला नको.

या आकड्यांत मला महत्त्वाचा वाटतो तो ७९. दहातले आठ जण रोजे धरतातच. डॉक्टरांनी 'धरू नका' असं एका वाक्यात सांगून विषय संपवला, तर रुग्ण रोजा सोडत नाही, डॉक्टरला सांगणं सोडतो. मग गोळ्यांच्या वेळा शेजारीपाजारी विचारून ठरतात, किंवा खालांसारख्या ठरतच नाहीत. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात १ कोटी २९ लाखांहून अधिक मुसलमान होते, आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. हे दोन आकडे शेजारी ठेवले की दर वर्षी आपल्या राज्यात केवढ्या घरांत हा प्रश्न पहाटे चारला उठून बसत असेल, याचा अंदाज येतो.

खुद्द धर्माची भूमिका या बाबतीत स्पष्ट आहे. कुराणात रोज्याची आज्ञा जिथे आली आहे, तिथेच आजारी माणसाला आणि प्रवाशाला सवलत दिली आहे. राहिलेले रोजे नंतर पुरे करायचे, त्याला कजा म्हणतात. ज्यांना पुढेही ते झेपणार नाहीत त्यांनी फिदिया द्यायचा, म्हणजे प्रत्येक रोज्यामागे एका गरिबाला जेवू घालायचं. बोटाला टोचून साखर तपासली तर रोजा तुटतो, ही समजूत मी आजही ऐकतो. तिच्यापायी किती तरी लोक नेमक्या धोक्याच्या वेळी तपासणी टाळतात. १९९७ साली जेद्दाहला भरलेल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीच्या बैठकीत याचा निर्वाळा दिला गेला. तपासणीसाठी रक्त काढल्यानं किंवा पोषण न देणारं इंजेक्शन घेतल्यानं रोजा तुटत नाही. इन्सुलिन या दुसऱ्या प्रकारात बसतं. शिरेतून ग्लुकोजचं सलाइन लावलं तर मात्र रोजा राहत नाही, कारण ते अन्नच झालं.

आमच्या गावच्या मौलानांशी मी खालांच्या त्या प्रसंगानंतर पहिल्यांदा या विषयावर बोललो. जुम्म्याच्या नमाजीनंतर त्यांनी ही गोष्ट दोन मिनिटांत सांगितली. माझ्या दवाखान्यातल्या भिंतीवर लावलेल्या तक्त्यानं वर्षभरात जे साधलं नव्हतं, ते त्या दोन मिनिटांनी साधलं. साखर ७०च्या खाली गेली तर रोजा सोडणं हा गुन्हा नाही, जीव राखणं हीसुद्धा जबाबदारीच आहे, असं त्यांनी आपल्या शब्दांत सांगितलं. 'मोडणं' हा शब्द त्यांनी वापरला नाही.

आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघ आणि 'डायबिटीज अँड रमदान' ही संस्था यांनी मिळून २०१६ साली मार्गदर्शिका काढली आणि २०२१मध्ये ती सुधारली. तिच्यात प्रत्येक रुग्णाला गुण देण्याची पद्धत आहे. मधुमेह कोणत्या प्रकारचा, किती वर्षांचा, औषधं कोणती, साखर आटोक्यात आहे का, आधी कधी फार घसरली होती का, मूत्रपिंडं, हृदय, अंगमेहनत, रोजा किती तासांचा, असं सगळं मोजून बेरीज करायची. ३पर्यंत आली तर धोका कमी, साडेतीन ते सहा मध्यम, सहाच्या वर गेली तर जास्त. यातली मला आवडलेली गोष्ट अशी, की आधीच्या रमजानचा अनुभवही त्यात धरला आहे.

काही जणांच्या बाबतीत मात्र मी कागद-पेन्सिल घेऊन बसत नाही, हात जोडून नको म्हणतो. गेल्या तीन महिन्यांत साखर घसरून बेशुद्ध पडलेले, किंवा रक्तात आम्ल साठून आयसीयूत जाऊन आलेले. साखर घसरली तरी ज्यांना घाम-थरथर काहीच जाणवत नाही असे. डायलिसिसवरचे. इन्सुलिनवर असलेल्या गरोदर बायका. नुकताच हृदयविकाराचा झटका आलेले. टाइप-१ असलेली आणि साखर आटोक्यात नसलेली पोरं. या पोरांचं समजावणं सर्वांत अवघड. वर्गातले सगळे पहिला रोजा धरतात, घरी त्यांना हार घालतात, नवे कपडे करतात. आपल्यालाच का नाही, या बारा वर्षांच्या मुलीच्या प्रश्नाला उत्तर देताना माझी जीभ जड होते. तिला मी पहाटेच्या सहरीला सगळ्यांबरोबर उठायला, संध्याकाळी रोजा सोडतानाच्या इफ्तारचं ताट मांडायला आणि फिदियाचं अन्न स्वतःच्या हातानं पोचवायला सांगतो. रमजान तिच्यासाठीही असतोच.

बाकीच्यांसाठी गोळ्यांचा हिशेब बदलायचा असतो, आणि तो डॉक्टरांबरोबर बसून, चांद दिसायच्या सहा ते आठ आठवडे आधी. रोज्याच्या दिवसांत घड्याळ उलटं फिरतं. इफ्तार म्हणजे दिवसाचं मुख्य जेवण आणि सहरी म्हणजे लांबच्या उपासाची सुरुवात. त्यामुळे ढोबळ नियम असा, की साखर घसरवू शकणाऱ्या औषधाचा मोठा डोस इफ्तारला आणि छोटा डोस सहरीला. ग्लिमेपिराइड दिवसातून एकदाच असेल तर ती इफ्तारला घ्यायची. दोनदा असेल आणि साखर आटोक्यात असेल तर सहरीची मात्रा कमी करायची. ग्लिबेनक्लामाइड ही जुनी, लांब पल्ल्याची गोळी रमजानआधी बदललेलीच बरी. मेटफॉर्मिन तीनदा घेत असाल तर दुपारची गोळी इफ्तारच्या गोळीबरोबर जाते. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या 'ग्लिफ्लोझिन' गटातल्या गोळ्या साखरेबरोबर पाणीही नेतात. त्या इफ्तारला घ्यायच्या, रात्री पाणी मुद्दाम जास्त प्यायचं, आणि ऐन रमजानात त्या पहिल्यांदा सुरू करायच्या नाहीत. दिवसातून एकदा घ्यायचं लांब पल्ल्याचं इन्सुलिन साधारण १५ ते ३० टक्क्यांनी कमी करून इफ्तारला घेतात. मिश्र इन्सुलिन दोनदा घेणाऱ्यांनी नेहमीचा सकाळचा डोस इफ्तारला घ्यायचा आणि नेहमीचा संध्याकाळचा डोस पाव ते निम्म्यानं कमी करून सहरीला घ्यायचा. हे आकडे मी इथे लिहितो आहे ते डॉक्टरांशी काय बोलायचं हे कळावं म्हणून, लेख वाचून आपल्या मनानं फेरबदल करावेत म्हणून नाही.

चांद दिसण्याआधीच्या शाबान महिन्यात पुष्कळ लोक नफली, म्हणजे ऐच्छिक, रोजे धरतात. बदललेल्या गोळ्यांची चाचणी घ्यायला त्यातले दोन-तीन दिवस फार कामाला येतात. पहिल्या रोज्याच्या दुपारी काय होईल ते तेव्हाच कळतं.

तपासणीबद्दल. दिवसातून सहा-सात वेळा करा असं मार्गदर्शिका सांगते, आणि इन्सुलिनवर असलेल्यांसाठी ते बरोबरच आहे. दंडावर लावायचे नाण्याएवढे सेन्सरही आता मिळतात, पण ते सगळ्यांच्या खिशाला परवडत नाहीत. रोजंदारीवरच्या माणसाला एकेक पट्टीचा विचार करावा लागतो. गोळ्यांवर असलेल्या माणसाला मी निदान दोन वेळा सांगतो, दुपारी साडेचार आणि इफ्तारनंतर दोन तासांनी. आणि अंगात काही वेगळं वाटलं तर तेव्हा लगेच, घड्याळ न बघता. साखर ७०च्या खाली किंवा ३००च्या वर गेली की रोजा तिथेच सोडायचा. ७० ते ९०च्या मध्ये आली तर तासाभरात पुन्हा बघायची. उलट्या-जुलाब, ताप, चक्कर, तोंडाला कोरड पडून लघवी कमी होणं, यातही थांबायचं.

साखर घसरली की पंधराचा हिशेब. तीन चमचे साखर किंवा तेवढंच ग्लुकोज पाण्यात, पंधरा मिनिटं थांबून पुन्हा तपासणी, अजून कमी असेल तर पुन्हा तेवढंच. या वेळी गुलाबजाम किंवा खीर कामाची नाही, त्यातलं तूप-दूध साखरेला रक्तात पोचायला उशीर लावतं. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, थेट दवाखाना गाठावा.

'दोनच तास राहिलेत' हे वाक्य त्यानंतर मी इतक्या जणांकडून ऐकलं, की आता ते माझ्यासाठी लक्षणासारखंच झालं आहे. सगळा दिवस निभावलेला असतो. घरात भज्यांचा घाणा पडत असतो, पोरं खजूर मांडत असतात, आणि नेमक्या त्या घटकेला हार मानणं जिवावर येतं. त्यातून घसरलेल्या साखरेचं वैशिष्ट्य असं, की ती निर्णय घेणारा मेंदूच मंद करते. आपल्याला काही होत नाही असं सांगणारं माणूस त्या वेळी भानावर असेलच असं नाही. म्हणून हा निर्णय साडेचारला घ्यायचा नसतो, आधीच घेऊन ठेवायचा असतो, आणि घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी तो माहीत असावा लागतो. खालांच्या घरी आता तो सुनेकडे आहे.

जेवणाकडे वळतो. सहरी उशिरा करावी आणि इफ्तारला उशीर लावू नये ही पैगंबरांची रीत मानली जाते. मधुमेहाच्या दृष्टीनं याहून चांगला सल्ला मला देता येणार नाही. रात्री बाराला जेवून झोपून जाणारा माणूस उपासात आपणहून चार-पाच तासांची भर घालतो. सहरीला फेणी किंवा खजला दुधात कालवून खाण्याची आवड अनेक घरांत आहे. चवीला उत्तम, पण मैदा-तूप-साखरेचं ते मिश्रण सकाळी नऊपर्यंत चढतं आणि मग साथ सोडतं. त्याऐवजी ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळ किंवा अंडं, दही, एखादी पालेभाजी. मराठवाड्यात ज्वारीच्या भाकरीची ओळख करून द्यावी लागत नाही. ती हळू पचते आणि कोठाराला लवकर हात लावू देत नाही. लोणचं-पापड मात्र तहान वाढवतात.

इफ्तारला खजूर हवाच, आणि त्याला माझी हरकत नाही. फक्त आकार बघावा. लहान खजुरात पाच-सहा ग्रॅम कर्बोदकं असतात, बोटभर लांबीच्या मेडजूलमध्ये अठराच्या आसपास. लहान असतील तर दोन-तीन, मोठा असेल तर एक. खरी गडबड त्यानंतर होते. लालभडक सरबताचा ग्लास, मग भजी, मग समोसे, फळांच्या चाटवर पिठीसाखर, आणि अर्ध्या तासात बिर्याणी. मुंबईत मिनारा मशिदीच्या गल्लीत रमजानच्या रात्री मी मित्रांबरोबर मालपुवा खाल्ला आहे. त्या उत्सवात मन किती भरून येतं हे मला ठाऊक आहे. मधुमेह्यानं तिथे जाऊच नये असं मी म्हणणार नाही. खजूर आणि पाण्यानं रोजा सोडावा, सूर्यास्तानंतरची मगरिबची नमाज पढावी, मग बसून एकदाच नीट जेवावं. नमाजीनं पडलेली ही पंधरा-वीस मिनिटांची फट पोटाला भरल्याची जाणीव व्हायला पुरते, पुढचं ताट आपसूक लहान होतं. सरबताऐवजी सब्जा घातलेलं लिंबूपाणी, साखरेविना. पाणी एकदम घटाघटा न पिता इफ्तार ते सहरी थोडं थोडं. रात्रीच्या तरावीहच्या नमाजीत तासभर उठबस होते, तो व्यायामच आहे. त्या महिन्यात वेगळं चालायला जायची गरज नाही, ऐन इफ्तारच्या आधी तर मुळीच नाही.

एवढं सगळं सांगून फरक पडतो का? लंडनमध्ये १११ मधुमेही लोकांवर झालेला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. एका गटाला रमजानआधी आहार, औषधं, तपासणी यांबद्दल दोन तास शिकवलं, दुसऱ्याला नाही. शिकवलेल्या गटात साखर घसरण्याच्या घटना रमजानात नऊवरून पाचवर आल्या. न शिकवलेल्या गटात त्या नऊवरून छत्तीसवर गेल्या. नवं औषध नाही, यंत्र नाही, नुसतं बसून बोलणं. मला स्वतःला हे आकडे बोचतात, कारण २०२२च्या मार्चमध्ये मला दोन तास नको होते, दोन मिनिटं पुरली असती.

ईदनंतरचं एक राहून जातं. चांदरातीला घड्याळ पुन्हा सुलटं फिरतं, पण गोळ्या रमजानच्याच वेळेला राहतात, किंवा कोणी दोन्ही वेळचे जुने डोस एकदम सुरू करतं, आणि त्यात वाटीवाटीनं शिरखुर्मा. ईदनंतर आठवड्याभरात एकदा दवाखान्यात यावं. ईदपासून सुरू होणाऱ्या शव्वाल महिन्यातले सहा ऐच्छिक रोजे धरायचे असतील तर तेही सांगावं, आम्हा डॉक्टरांपैकी अनेकांना ते ठाऊक नसतात.

पुढच्या वर्षी, २०२३च्या फेब्रुवारीत, खाला आपणहून आल्या. हातात नातवाची जुनी शंभरपानी वही होती, सुनेनं पट्टीनं रकाने आखलेली. सहरीची गोळी आम्ही कमी केली, मोठी इफ्तारला नेली. शिवणाच्या ऑर्डरी त्यांनी दुपारी तीननंतर घेणं बंद केलं. त्या वर्षी एकोणतीसपैकी सव्वीस रोजे पूर्ण झाले. ईदनंतर वही दाखवायला आल्या तेव्हा मी उरलेल्या तीन दिवसांवर बोट ठेवलं. अकराव्या रोज्यासमोर सुनेच्या अक्षरात लिहिलं होतं, 'साडेचार, ६६, अम्मींनी साखर घेतली.'

ते तीन रोजे खालांनी डिसेंबरात कजा म्हणून धरले. तेव्हा आमच्याकडे सूर्य पावणेसहालाच मावळतो.